रविवारचा धडा

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली तशी संगिता उठली, बोचकं उजव्या काखेत घेतलं आणि पुसेगावच्या अलीकडं, तांड्याच्या फाट्यावर उतरली. डावा हात तिनं पदराखालीच ठेवला होता. हिंगोलीपासून उभ्यानंच यावं लागलं होतं. नरसीला देवाला आलेली माणसं उतरली तेव्हा कुठं टेकायला जागा मिळाली. त्याआधी एक रात्र आणि दीड दिवस बसमध्येच गेला होता. अंगाला अजून उसाच्या पाचटाचा वास येत होता.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीत थावरा बसला होता. तिच्या सासऱ्याच्या, हरिचंदच्या बरोबरीचा हा म्हातारा. हरिचंद गेल्यापासून घरावर त्याचंच लक्ष असायचं. तिला पाहून तो उठून रस्त्यापर्यंत आला. माघ महिना चालू होता. ऊसतोडीला गेलेलं माणूस एवढ्यात परत येत नाही, आलं तर काहीतरी घडलेलं असतं. त्यानं आधी तिच्या नवऱ्याची, विकासची चौकशी केली. तो तिकडंच कारखान्यावर आहे, धडधाकट आहे, असं तिनं सांगितलं. थावराचा चेहरा मोकळा झाला.

“मंग रूपाबाईसाठीच आलीस म्हण. बरं केलंस. पोरीचे लय हाल झाले.”

संगिता जागच्या जागी उभी राहिली. सासूला काय झालं, असं तिनं विचारलं.

“अंगावरून वारं गेलं न्हाई का,” थावरा म्हणाला. “दोन महिने व्हायला आले. तुला ठावं न्हाई?”

तिनं मान हलवली. थावरा तिच्याकडं बघत राहिला. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला,

“फोन हाय ना तुमच्या घरात. दर ऐतवारी पोरगी टेकाडावर जाऊन बोलून राहिली. आमाला वाटलं, तुमाला समदं कळलं असंल.”

संगितानं बोचकं काखेत वर सरकवलं आणि ती तांड्याच्या वाटेला लागली.

लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं हे तेरावं वर्ष. दिवाळी झाली की विकासबरोबर ट्रकमध्ये बसायचं, सातारा-कराडच्या अंगाला कुठल्यातरी कारखान्यावर खोपी टाकायची आणि चैत्राच्या तोंडावर परत यायचं. पोरगी निता तान्ही होती तोवर तिला उसाच्या सरीत, साडीच्या झोळीत निजवलं. सहा वर्षांची झाल्यावर शाळेसाठी दादीजवळ ठेवलं. पहिल्या वर्षी संगिता परत आली तेव्हा पोरगी रूपाबाईच्या पाठीमागं लपली आणि चार दिवस जवळ आली नाही. पाचव्या दिवशी ‘याडी’, म्हणजे आई, म्हणून हाक मारली, ती ऐकून संगिता चुलीपुढं बसून रडली होती. त्या काळी गावाकडची खबर माणसासोबत यायची. हरिचंद आजारी पडला, तेव्हा हाच थावरा तीन बस बदलून फडात येऊन उभा राहिला होता. त्याच्या तोंडाकडं बघूनच विकासनं हातातला कोयता खाली टाकला होता.

या वर्षी मात्र विकासनं दोन जुने मोबाईल घेतले. एक आपल्याजवळ ठेवला, एक घरी दिला. रूपाबाई त्या वस्तूला हात लावायला भ्यायची, पण निता दोन दिवसांत सगळं शिकली. तांड्यात आवाज धड यायचा नाही. सेवालाल महाराजांच्या देवळामागच्या टेकाडावर चढलं की यायचा. रविवारी कारखान्यावर तोड लवकर आटपली की दुपारी चारच्या सुमाराला बोलायचं असं ठरलं.

पहिले काही रविवार दादीही सोबत यायची. “लेकरू बरं हाय, काळजी करू नगं,” असं ओरडून सांगायची. मग ती कधी झोपलेली असायची, कधी शेळ्यांमागं गेलेली. निता शाळेतलं सांगायची आणि शेवटी एक धडा वाचून दाखवायची. संगिताला अक्षरओळख नव्हती. तिनंच हौसेनं धडा वाचायला सांगितलं होतं. फोनला आवाज मोठा करायची कळ होती. ती दाबून ती फोन मांडीवर ठेवायची. शेजारच्या खोपीतल्या बायाही येऊन बसायच्या. पोरगी न अडखळता वाचायची, वाक्य संपलं की श्वास घ्यायची. अलीकडं दर रविवारी एकच धडा असायचा, गावाच्या वेशीवर पाणपोई घालणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. वाटसरू पाणी पिऊन जातात, इथं संगिताचे डोळे दर वेळी भरून यायचे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिच्या डाव्या हाताचं बोट तुटलं. उसाची मोळी धरलेली, धुकं पडलेलं, कोयता सरळ बोटावरच आला. अंगठ्याजवळचं बोट दोन पेरांनी गेलं. दवाखान्यातून आल्यावर तिनं विकासला एकच सांगितलं, घरी कळवायचं नाही. पोरगी तिकडं भिऊन जाईल आणि इथं येऊन कुणी बोट जोडून देणार नाही. त्या रविवारी हात गळ्यात बांधलेला असताना तिनं निताला तीळगूळ खाल्ला का म्हणून विचारलं. निता खाल्ला म्हणाली. तू खाल्लास का, असं तिनंही विचारलं.

गेल्या रविवारी साखरशाळेच्या मिरा बाई खोपीवर आल्या होत्या. उसाच्या तोडीवरच्या मुलांची नावं लिहून घ्यायचं त्यांचं काम चाललं होतं. धडा चालू होता म्हणून त्या दाराशीच थांबल्या आणि शेवटपर्यंत ऐकलं. फोन बंद झाल्यावर पोरगी फार स्वच्छ वाचते, असं म्हणाल्या. संगितानं अभिमानानं सांगितलं, सहावीत आहे.

बाईंनी वही मिटली. त्या हळूच म्हणाल्या,

“हा धडा चौथीच्या पुस्तकातला आहे.”

संगितानं त्यांना बसायला पोतं अंथरलं, चहा ठेवला. फोन हातातच होता. परत लावून विचारता आलं असतं. पण फोनवर विचारलं तर काय उत्तर येईल हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण ‘समदं बरं हाय’ हेच उत्तर ती स्वतः दर रविवारी देत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विकासला सांगितलं आणि ती बसला बसली.

घराचं दार उघडंच होतं. निता मागच्या अंगाला दगडावर फडकी धूत होती. केसांचा बायांसारखा घट्ट अंबाडा, परकर गुडघ्यापर्यंत खोचलेला. चाहूल लागली तशी तिनं मान वळवली. आईला पाहून ती धावत येईल असं संगिताला वाटलं होतं. निता उठली, ओले हात परकराला पुसले आणि ओठावर बोट ठेवून म्हणाली,

“दादी आत्ताच निजली हाय.”

मग तिनं आईच्या काखेतलं बोचकं घेतलं, आत नेऊन ठेवलं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. तांब्या घ्यायला संगितानं दोन्ही हात पुढं केले. दोन दिवस जपलेलं त्या एका क्षणात विसरलं. निता त्या हाताकडं बघत राहिली. थोटक्या बोटाच्या टोकाशी कातडी अजून लाल होती.

“कधी झालं?”

“संक्रांतीच्या आदल्या दिशी.”

निताचे ओठ हलले. ती मनातल्या मनात दिवस मोजत असावी. “त्या ऐतवारी बोललीस की माझ्यासंगं,” एवढंच ती म्हणाली.

संगिता उंबऱ्यावर बसली. आत बाजेवर रूपाबाई तोंड एका बाजूला ओढलेलं, झोपलेली. अंगावरची गोधडी स्वच्छ होती, केस विंचरलेले होते, उशाला पाण्याची वाटी आणि ओठ ओले करायला कापसाचा बोळा. दोन महिने अंथरुणात पडलेल्या माणसाच्या घरात जो वास असतो, तो नव्हता. अकरा वर्षांच्या पोरीनं तो येऊ दिला नव्हता. शेजारची भिकाबाई सकाळी भाकरी टाकून देते, तिच्या मदतीनं दादीला न्हाऊ घालते, थावरा दादानं सेनगावच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथल्या गोळ्या चालू आहेत, असं निता एकेक सांगत गेली. विचारलं तेवढंच सांगत होती. मार्गशीर्षापासून शाळेत गेली नव्हती. सहावीचे धडे कुणी शिकवलेच नाहीत, ते वाचताना अडखळायला झालं असतं. पाणपोईचा धडा पाठ होता. पुस्तक न घेता टेकाडावर उभं राहून म्हणता यायचा आणि म्हणताना घराच्या दारावर नजर ठेवता यायची.

“मला काहून सांगितलं न्हाई, बाई?”

निता खाली बसली. जमिनीवर सांडलेलं पाणी तिनं तळव्यानं पुसून काढलं.

“तूच म्हणली होतीस, फोनवर रडायचं न्हाई म्हणून. सांगाया लागले असते तर रडू आलं असतं.”

संगितानं तिला जवळ ओढलं. पोरगी आली, पण अंग ताठच राहिलं. आत बाज करकरली तशी ती लगेच सुटून उठली आणि दादीकडं गेली.

दिवस कलायच्या आत संगिता टेकाडावर चढली. सोबत निताला नेलं नाही. विकासला तिनं सगळं सांगितलं, आईचं, पोरीचं, शाळेचं, काही झाकलं नाही. बोलता बोलता तिचा आवाज फुटला आणि तिनं तो फुटू दिला. मग विकास म्हणाला की, तू तिथंच राहा, जोडीशिवाय तोड व्हायची नाही, मी गाडी भरायच्या टोळीत जातो, मुकादमाशी काय बोलायचं ते बोलतो. शेवटी त्यानं विचारलं, आई माणूस ओळखते का. ओळखते, संगिता म्हणाली. तिला पाहून रूपाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं आणि तोंडातून एकच शब्द निघाला होता, तो निताचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निताची वेणी घालून ती तिला पुसेगावच्या शाळेत घेऊन गेली. गुरुजींनी हजेरीपट उघडून दाखवला. नाव कापलेलं नव्हतं. परीक्षेला दोन महिने आहेत, पोरगी हुशार आहे, भरून काढेल, असं ते म्हणाले. निता वर्गाच्या दारात थांबली. खालच्या आवाजात तिनं आईला दादीच्या गोळ्या, पाणी, कूस बदलायची वेळ हे सगळं पुन्हा एकदा सांगितलं. मग आत जाऊन पोरींच्या शेवटच्या रांगेत बसली.

घरी येऊन संगितानं पेज केली. रूपाबाईला उशीचा टेका देऊन बसवलं आणि चमच्यानं भरवायला लागली. दोन चमचे गेले, तिसरा ओठांच्या कडेनं बाहेर आला. चौथ्याला म्हातारीला ठसका लागला, चेहरा काळानिळा झाला. संगिता घाबरली. पाठ चोळली, पदरानं तोंड पुसलं. तेरा वर्षं या बाईच्या घरात नांदून तिला घास भरवायची वेळ कधी आली नव्हती. रूपाबाईनं चांगल्या हातानं वाटी बाजूला सारली आणि दाराकडं तोंड केलं.

मधल्या सुटीत निता पळत आली. दोन मैल उन्हातून धावल्यानं तिचा श्वास लागला होता. तिनं वाटीतली पेज पाहिली, दादीच्या छातीवरचा ओला डाग पाहिला. हात धुऊन आईशेजारी बाजेवर बसली.

“ह्या बाजूनं न्हाई. ही बाजू मेली हाय,” ती म्हणाली. “मान थोडी खाली धर. चमचा अर्धाच भर.”

आईचा थोटका हात धरून तिनं तो दादीच्या मानेखाली नीट बसवला. दुसऱ्या हातातल्या चमच्यावर स्वतःची बोटं ठेवली आणि तो हळूच चांगल्या बाजूनं ओठांत सोडला. रूपाबाईनं गिळलं. निता थांबली, घशाकडं बघितलं, मग दुसरा चमचा. तिसऱ्याला तिनं आपला हात काढून घेतला. पेज संपेपर्यंत ती तिथंच बसून बघत राहिली.

“जा आता,” संगिता म्हणाली. “घंटा व्हईल.”

निता उठली. दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

“शाळा सुटल्यावर तू घरीच असशील?”

“व्हय. घरीच हाय मी.”

निता तिच्या तोंडाकडं बघत राहिली. दादीनं घास गिळला की नाही हे बघताना बघायची तशी. संगितानं नजर हलवली नाही.

पोरगी अंगणातून गेली. देवळापाशी पोचल्यावर तिनं एकदा वळून पाहिलं, चार पावलं पुढं जाऊन आणखी एकदा पाहिलं. मग ती पळत सुटली.