लेबलावरच्या रेघा

मी एक जुनी रेकॉर्ड आहे मित्रांनो, आणि आधीच सांगते, माझ्यावर कुणा बड्या असामीचं संगीत नाही. ज्या रशियन संगीतकाराची रचना माझ्यावर आहे, त्याला त्याच्या गल्लीतही कुणी ओळखत नसेल. दुकानात मी सहा वर्षं धूळ खात पडले होते. मग घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाबांनी मला घरी आणलं.

त्यांना असल्या अनोळखी रशियनांचंच वेड. नावाजलेल्यांना ऐकायला सगळं जग आहे, यांना कोण आहे, असं म्हणायचे. रेकॉर्ड ऐकून झाली की लेबलावर पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढायची, ही त्यांची शिस्त. नामवंतांच्या लेबलांवर दोन-तीन रेघा असायच्या. माझ्यावर जागाच उरली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

पुढे बाबांची नजर अधू झाली आणि एकदा त्यांनी मला भलत्याच कव्हरात घातलं. त्यावर एका जगप्रसिद्ध दाढीवाल्या संगीतकाराचा फोटो होता. तिथेच माझा घात झाला.

बाबांनी लेकीकडे राहायला जायचं ठरलं. तिथे जागा बेताची, म्हणून दहाच रेकॉर्डी न्यायच्या. बाबांनी सगळ्यात आधी मला मागितलं. लेकीने कपाट पालथं घातलं, पण हाती लागलं ते माझं रिकामं कव्हर. बाबा ते मांडीवर घेऊन मान खाली घालून बसले. मी हातभर अंतरावर होते हो! पण सुईशिवाय मला तोंड कुठलं? दाढीवाला काय, कुठेही मिळेल, असं म्हणत लेकीने मला भंगाराच्या ढिगात टाकलं.

भंगारवाला आला. एकेक गठ्ठा खाली टेम्पोत जाऊ लागला. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी त्याने आमचा गठ्ठा उचलला, आणि जिन्यापाशी मी कव्हरातून निसटून फरशीवर आपटले. काठाचा टवका उडाला.

"ताई, हिच्यावर कुणीतरी रेघोट्या मारल्यात," तो म्हणाला.

लेकीने लेबल वाचलं, आणि बाबांनी मागितलेली ती मीच, हे तिला कळलं. मग धावत आत येऊन तिने रेकॉर्ड प्लेअरचं बांधलेलं खोकं सोडलं आणि मला लावलं. सुरुवातीला मी नुसती खडखडले. मग सूर लागला. बाबांनी मान वर केली. बाजू संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग हात पुढे करून म्हणाले, "पेन्सिल दे."

तोवर टेम्पो निघून गेला होता.

म्हणून सांगते मित्रांनो, रेकॉर्ड तिच्याच कव्हरात ठेवा, आणि टाकण्याआधी आत बघत जा. मी पडले म्हणून वाचले. माझ्या गठ्ठ्यातल्या बाकीच्यांवर किती रेघा होत्या, ते कुणी पाहिलंच नाही.