जांभळ्या लुगड्यातलं गेज

हस्तलिखिताची प्रत एकच असते आणि ती घरोघर फिरते, हे प्रतिमाला चांगलं माहीत होतं. पण कुठल्या कुठल्या घरी फिरते, हे बघायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. घोळ झाला तो तिथंच!

बंगलोरचं मराठी मंडळ गणपतीत हौसेनं हस्तलिखित अंक काढायचं. वळणदार अक्षरात लेख उतरवायचे, रंगीत चित्रं काढायची आणि शेवटच्या पानावर घरांची यादी लिहायची. दोन दिवस ठेवा, वाचा, आपल्या नावापुढे बरोबरची खूण करा आणि पुढच्या घरी पोचवा. यादीत नववं नाव होतं कस्तुराबाई, जयनगर. आणि जयनगरच्या कस्तुराबाई म्हणजे शुभदाताईच्या होऊ घातलेल्या सासूबाई!

होऊ घातलेल्या, म्हणजे अजून झालेल्या नव्हेत. श्रावणात त्या मुलाला घेऊन आल्या, ताईला बघून गेल्या आणि ‘मुलगी पसंत आहे, दसऱ्यानंतर सुपारी फोडू’ असं कळवलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. ताई मात्र ‘बरं’ एवढंच म्हणाली. मग काल अचानक निरोप आला, ‘रविवारी येतो. सुपारीचं राहू द्या. आधी बोलायचं आहे.’

बाबांनी तो निरोप दोनदा वाचला आणि प्रतिमाकडे बघितलं.

दोष सगळा हेमलताबाईंच्या शिकवण्याचा. मंडळाच्या मराठीच्या वर्गात त्यांनी सांगरूपक शिकवलं. “उपमेत ‘सारखा’ असतो, म्हणजे माणसाला पळायला दार उघडं राहतं. रूपकात ते दार बंद! आणि सांगरूपकात खिडक्यासुद्धा बंद. संसार सागर आहे म्हणालात ना? मग होडी कोण, वल्हं कोण, वादळ कोण, सगळं सांगा. एक अंग सुटलं की रूपक लंगडं.”

प्रतिमाच्या अंगात जणू वीजच शिरली. इतकी वर्षं मागच्या बाकावर तोंड मिटून बसणारी मुलगी, घरी आली आणि एका बैठकीत चार पानं लिहून मोकळी झाली. बाबा कारखान्यात तपासणी खात्यात, त्यामुळे शब्द घरातच होते. लेखाचं नावच ‘तपासणी खातं’. तो हस्तलिखितात घेतला तेव्हा मंडळात सगळे पोट धरधरून हसले होते. आता त्याच चार पानांनी ताईचं लग्न मोडणार होतं.

बरोबर चारला फाटक वाजलं. कस्तुराबाई पुढे, मागे श्रीकांत. बाईंच्या काखेत हस्तलिखित. आणि अंगावर? ताईला बघायला आल्या तेव्हाचंच जांभळं लुगडं!

आईनं उप्पीट आणलं. कस्तुराबाईंनी बशी बाजूला सरकवली.

“ते स्वल्प थांबू दे. लिहिणारी कुठली? तू? ये की पुढं. वाच.”

“लहान आहे हो ती,” बाबा म्हणाले. “चुकलं तिचं. मी हात जोडतो.”

“हात कशाला जोडायलासा? मी वाच म्हणाले, एवढंच.”

प्रतिमानं वही घेतली. ताई दाराशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. प्रतिमा वाचायला लागली.

“‘बघण्याचा कार्यक्रम म्हणजे तपासणी खातं. मुलगी म्हणजे घासूनपुसून आणलेला सुटा भाग. पाट म्हणजे तपासणीचं टेबल. प्रश्न म्हणजे गेज, माप तपासायचं हत्यार. गेजचं एक टोक भोकात जायलाच हवं आणि दुसरं जाता कामा नये. मुलीला गाणं यायला हवं, पण मोठ्यानं गाता कामा नये. ती शिकलेली हवी, पण मुलापेक्षा जास्त शिकता कामा नये. नापास भागावर लाल ठिपका देतात, नापास मुलीला पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतात. आणि...’”

ती थांबली.

“वाच की.”

“‘आणि खात्यातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात कडक गेज जांभळ्या लुगड्यात बसलेलं असतं.’”

पंखा गरगरत होता.

“हे कोण ग?” कस्तुराबाईंनी विचारलं.

‘गेजसारखं कुणीतरी’ असं म्हणावं, असं क्षणभर प्रतिमाच्या जिभेवर आलं. पण ‘सारखं’ तिनं लिहिलंच नव्हतं. दार तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

“तुम्ही,” ती म्हणाली.

आईनं कपाळावर हात मारला. बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

“पण यात एक चूक आहे,” श्रीकांत म्हणाला.

श्रावणात दोन शब्दांपलीकडे न बोललेला हा माणूस! सगळे त्याच्याकडे बघायला लागले. “माझं काम गेजचंच आहे. वापरून वापरून गेज झिजतं. म्हणून दर महिन्याला तेच आमच्याकडे तपासायला येतं. झिजलेलं निघालं तर बाद. ते अंग तुमच्या लेखात राहून गेलंय.”

प्रतिमाचे कान तापले. बाबांनी हे तिला शंभरदा सांगितलं होतं!

“म्हणजे मला तपासणार आता तुम्ही?” कस्तुराबाईंचा आवाज चढला.

“तुला नाही, आई. मला. शुभदांना आपण इतकं विचारलं, त्यांनी मला एक अक्षर विचारलं नाही.”

कस्तुराबाईंनी लुगड्याच्या काठावरून बोट फिरवलं. “मला सात जणांनी बघितलं. सातव्यानं अंगणात चालवून बघितलं, लंगडते काय म्हणून. तो ह्याचा बाप. त्याला काय येतंय ते कुणी विचारू दिलं नाही मला.” त्या दाराकडे वळल्या. “ये ग. काय विचारायचं ते विचार ह्याला.”

ताई पुढे आली. बोटाला गुंडाळलेला पदर तिनं सोडला होता.

“मी शाळेत गणित शिकवते. लग्नानंतर नोकरी सोडेल का, असं तुमच्या आईंनी विचारलं. ‘सोडेल की’ असं बाबा म्हणाले. ते उत्तर माझं नव्हतं. मी सोडणार नाही.”

“शुभदा!” आई कळवळली.

ताईनं मागे वळून बघितलं नाही. “चालेल तुम्हाला?”

श्रीकांतनं आपल्या आईकडे बघितलं. कस्तुराबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. तिकडून मदत नाही, हे कळल्यावर तो घसा खाकरून म्हणाला, “चालेल. पण सकाळचं सगळं आईच्या गुडघ्यांना झेपत नाही. मग ते मला करावं लागेल. आणि मला फक्त भात येतो.”

“तोही करपवतोय,” कस्तुराबाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या.

ताईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. श्रावणापासून प्रतिमानं ते बघितलं नव्हतं.

“थोडं घासून घ्यावं लागेल,” ताई म्हणाली. “पण भाग चालण्यासारखा आहे.”

बाबा मटकन खाली बसले.

“सरी, ठरलं तर,” कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांनी उप्पिटाची बशी पुढे ओढली आणि दुसऱ्या हातानं वहीचं शेवटचं पान उघडलं. त्यांच्या नावापुढची जागा अजून कोरीच होती. “पेन्सिल आण ग. सुपारीपण आण.”

प्रतिमा धावत पेन्सिल घेऊन आली. कस्तुराबाईंनी आपल्या नावापुढे ठसठशीत खूण केली आणि पेन्सिल तिच्याच हातात परत दिली.

“जांभळं लुगडं तसंच राहू दे. पण ते सुटलेलं अंग आधी लिही आणि मग वही पुढच्या घरी पोचव. लंगडं काही फिरवायचं नाही.”

आई सुपारीचं तबक शोधत होती. प्रतिमा तिथंच जमिनीवर बसली, चौथ्या पानाच्या समासात जागा शोधली आणि बारीक अक्षरात लिहायला लागली.