शंभरावर अडत

अण्णा गेले त्याच्या आदल्या दुपारी आमच्या सोनईच्या घरात लंडनच्या एका फंडाची वार्षिक सभा भरली होती. म्हणजे ती लॅपटॉपवर होती. पण अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि शेजारच्या पुंजाराम काकांना बोलावून घेतलं होतं. कारखान्याच्या सभेत ठरावाला सूचक लागतो, तसा अनुमोदकही लागतो. काकांनी अनुमोदन आल्या आल्याच दिलं. ठराव कशाचा, हे नंतर विचारलं.

हा फंड बाजारात नसलेल्या कंपन्यांमध्ये पैसा घालतो. त्याचा स्वतःचा शेअर मात्र बाजारात विकला जातो. तो मीच अण्णांना घ्यायला लावला होता. पुण्यात मी असल्याच फंडांचं काम करते.

"शेअरला बाजारात भाव साठ," अण्णा काकांना म्हणाले. "हे साहेब म्हनत्यात, आमच्या हिशोबानं माल शंभराचा हाय. अन फी घेत्यात शंभरावर, सालाला दोन टक्के. आडत्या तरी असं करंल का?"

"साठाच्या कांद्यावर शंभराची अडत?" काका उठलेच. "गाडी आडवू त्याची!"

"लंडनात?"

काका बसले. "मग पोरगी लिव्हंल."

"लिही, सुकन्या," अण्णा म्हणाले. "माझ्या साठातून दोन जात्यात, म्हंजी सव्वातीन टक्क्याच्या बी वर. फी बाजारभावावर घ्या म्हनावं."

माझ्या ऑफिसातले चारजण तीच सभा बघत होते. सभेच्या प्रश्नांच्या चौकटीत मी इंग्रजीत लिहिलं: उत्तम कामगिरीबद्दल अभिनंदन. अध्यक्षांनी भारतातल्या भागधारकाचे हसून आभार मानले.

"काय म्हनला?"

"विचार करू म्हणाले."

काकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी आईला परत चहा टाकायला लावला.

पहाटे ते झोपेतच गेले.

तिसऱ्या दिवशी, सावडून आल्यावर, ओट्यावर माणसं बसली होती. काका सांगत होते, "साहेबाला घाम फुटला हुता! फी निम्मी केली, निम्मी!" तासाभरापूर्वी काकांच्याच सांगण्यात ती पाव टक्क्यानंच कमी झाली होती. माणसं हळहळता हळहळता हसत होती. आईसुद्धा पदराआड हसली.

काका माझ्याकडे वळले. "सांग की पोरी. तूच लिव्हलं हुतंस."

नुसतं "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"काका, मी तो प्रश्न लिहिलाच नाही. मला अण्णांची लाज वाटली. त्यांचं बरोबर होतं, आणि मला ते शेअर घेतला तेव्हापासून माहीत होतं."