होस्टाची कुंडी आणि तिसरी टाकी

गुरुवारी सकाळी तिसऱ्या टाकीतला द्रव पातळ झालेला आढळला. बुधवारी तो ताकासारखा दाट होता; आता नमुन्याच्या नळीतून पलीकडची खिडकी दिसत होती. मधुसूदन केतकरने नळी हलवून पाहिली आणि रॅकवर ठेवली. टाक्यांत जीवाणू वाढवायचे आणि त्यांच्याकडून प्रतिजैविक तयार करून घ्यायचे, हा पिंपरीतल्या त्या कारखान्याचा धंदा. टाकीभर जीवाणू असे अचानक विरघळले, तर त्याचे कारण सहसा एकच असते: जीवाणूंवर जगणारा विषाणू. कारखान्यात त्याला फाज म्हणत, आणि शक्यतो त्याचे नाव घेत नसत. फाज मातीत राहतो.

मागच्या रविवारी मधुसूदनने बीज-खोलीत मातीची कुंडी नेली होती. मंगळवारी त्याच खोलीतले बीज, विरजण लावावे तसे, तिसऱ्या टाकीत गेले होते.

कुंडीत होस्टा होता. रुंद, शिरांनी दुमडलेली पाने आणि प्रत्येक पानाला पांढरी कड. १९७८ साली दार्जिलिंगच्या रोपवाटिकेतून त्याने तो आणला आणि कारखान्याच्या कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमागे सावलीत कुंडीत लावला. या झाडाला हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते. पिंपरीचा हिवाळा त्याला पुरत नाही. तीन वर्षांत पाने लहान होत गेली. मधुसूदनने बी पेरून पाहिले. रोपे आली, पण सगळी हिरवी. पांढरी कड बियांतून उतरत नाही. गड्डा कापून वाटे करणे हा रूढ मार्ग, पण प्रत्येक वाट्याला डोळा लागतो आणि या गड्ड्यावर एकच उरला होता. राहिला बाटलीचा मार्ग. कोवळ्या फुलकळ्यांचे तुकडे निर्जंतुक करून बाटलीत पोषक अगरवर, म्हणजे जेलीच्या थरावर, ठेवले, तर त्यांना फुटवे येतात, असे त्याने नुकतेच एका नियतकालिकात वाचले होते. कड टिकेल याची हमी त्यातही नव्हती. मात्र त्यासाठी लागणारी निर्जंतुक हवेची पेटी बीज-खोलीत होती, आणि खोलीची किल्ली त्याच्याकडे.

फुलाचा दांडा घरीच कापून आणता आला असता. वाटेत कळ्या मलूल होतील म्हणून त्याने अख्खी कुंडी सायकलला बांधली. आणि व्हरांड्यात ठेवली तर पहारेकरी चौकशी करील म्हणून ती आत नेली, आणि कळ्यांच्या बाटल्या भरून तिथेच ठेवल्या. त्या खोलीचे नियम त्यानेच घातलेले होते. चपला दाराबाहेर, नखे कापलेली. गणेश चतुर्थीला दूर्वा आणि पत्री निवडून आलेल्या माणसाने त्या दिवशी आत यायचे नाही.

उत्पादनप्रमुख यशवंतराव निंबाळकरांनी सगळ्यांना बोलावले. तिसरी टाकी उकळून गटारात सोडायची आणि दुपारी तयार बीज चौथीत घालायचे, असे ठरले. बीज त्याच खोलीतले होते.

"केतकर, तुमच्या खोलीला आता सोवळंही पुरायचं नाही," सहकारी विलास म्हणाला. "उद्यापासून आम्ही ओल्या पंच्यातच येतो."

सगळे हसले. मधुसूदनही हसला, आणि आपला आवाज त्याला परका वाटला.

त्याने तीन तबकड्यांवर निरोगी जीवाणूंचा थर दिला. एकीवर कुंडीतल्या मातीचे गाळलेले पाणी टाकले, दुसरी हवेच्या पेटीत उघडी ठेवली आणि तिसरी तुलनेसाठी बंदच राहू दिली. फाज असेल तर पांढऱ्या थरात पारदर्शक भोके पडतात. पण थर वाढायला रात्र लागते. पुरावा उद्या येणार होता. टाकी आज भरणार होती. पुराव्याआधी बोलू नये, असे तो आयुष्यभर मानत आला होता. या वेळी त्या तत्त्वाचा आधार घेणे किती सोयीचे आहे हे त्याला स्वच्छ दिसत होते. बोलला तर नोकरी जाईल आणि क्वार्टरही. गप्प राहिला तर कदाचित काहीच होणार नाही. या 'कदाचित'ची किंमत त्याला काढता येईना.

तो यशवंतरावांच्या खोलीत गेला.

"चौथी टाकी थांबवा, साहेब. रविवारी मी बीज-खोलीत कुंडी नेली होती. मातीसकट."

"कसली कुंडी?"

"होस्टा. शोभेचं झाड."

"तुम्ही?" एवढेच यशवंतरावांनी विचारले आणि फोन उचलून टाकी थांबवली. तबकड्या उद्या आपल्यासमोरच उघडायच्या, असे त्यांनी बजावले.

शुक्रवारी तबकड्या टेबलावर आल्या. बंद ठेवलेली पांढरी. कुंडीच्या मातीची पांढरी, अखंड. हवेच्या पेटीतल्या तबकडीची चाळणी झालेली.

"म्हणजे तुमची कुंडी सुटली," यशवंतराव म्हणाले.

"सुटली असं नाही म्हणता येणार. चिमूटभर मातीत सापडला नाही, एवढंच."

"आणि खोलीत आहे."

"खोलीत आहे."

"मग आला कुठून?"

"माहीत नाही. कधीपासून आहे तेही माहीत नाही."

यशवंतरावांनी चाळणी झालेल्या तबकडीपासून खुर्ची जरा मागे सरकवली. आपण असे केले हे बहुधा त्यांच्या ध्यानात आले नाही. मग त्यांनी खोलीतले सगळे काही ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाच्या वाफेत, घालण्याचा हुकूम दिला. कळ्यांच्या बाटल्याही त्यात आल्या. तुकडे अजून हिरवे होते, एकावरही बुरशी नव्हती. काम निर्दोष झाले होते. मधुसूदनने त्या स्वतः आत रचल्या आणि झाकणाचे स्क्रू आवळले.

"तुमच्याबद्दल नंतर ठरवू," यशवंतराव म्हणाले. "आधी तो शोधा. तोवर एकही टाकी भरायची नाही."

चपला काढून मधुसूदन बीज-खोलीत शिरला. सुरुवात छताच्या झरोक्यापासून करावी की फरशीतल्या मोरीपासून, हे त्याला ठरवता येईना. फरशा पुसलेल्या होत्या, काचा लखलखीत होत्या. भिंतीला हात टेकवायला तो गेला आणि मध्येच थांबला.