भिंतीला ठोकलेलं

नऊ वाजून गेले तरी ओर्विनचा कप खिळ्यालाच लटकत होता. आर्डिसने विक्रीच्या कागदांवर सही न करताच पेन खाली ठेवलं आणि ती उठली.

"आता कुठे निघालात?" तिचं कॅफे विकत घेणाऱ्या कंपनीचा ट्रेंट म्हणाला.

"तो कप बघा की."

कॅफेच्या भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर एकट्या राहणाऱ्या सात म्हाताऱ्यांचे सात कप. सकाळी येऊन ज्याने त्याने आपला उतरवायचा. नऊपर्यंत उतरला नाही, की आर्डिसने त्याच्या घरी जायला गाडी काढायची. असं कुणी ठरवलं नव्हतं. नॉर्थ डकोटाच्या या माळावर आजूबाजूला हाक ऐकणारं घर नसतं, एवढंच.

ओर्विन त्याच्या घराबाहेरच्या कोठाराच्या पायरीवर बसला होता. बर्फावरून घसरला होता, घोटा सुजून टम्म.

"आज उशीर केलास," तो म्हणाला.

"जिवंत आहेस ना थेरड्या? मग गप बस."

"कॉफी आणलीस?"

तिने आपला कोट त्याच्या अंगावर टाकला आणि त्याला दवाखान्यात नेलं.

दुपारी ती परतली तेव्हा ट्रेंट तिथेच होता. त्याने काउंटरवर नमुन्याचे कागदी कप मांडले होते. प्रत्येकावर छापलेलं: तुमचं गाव, आमची जबाबदारी. कॉफी संपली की कचऱ्यात जाणारी जबाबदारी.

"ते बरे आहेत ना?" त्याने मनापासून विचारलं. "आमचा मदतीचा नंबर असतो. त्यांनी फक्त फोन करायचा."

"फोन घरात होता. तो बाहेर."

तिचे गुडघे कामातून गेले होते. कॅफे घ्यायला दुसरं गिऱ्हाईक यायचं नव्हतं. ती कागदांसमोर बसली, पेन उचललं, परत ठेवलं. उठून हातोडी आणली आणि कपांची फळी भिंतीवरून उचकटायला लागली.

"अहो, भिंतीला ठोकलेलं सगळं विक्रीत धरलंय!"

"सही झाली माझी?"

"नाही अजून."

"मग थांबा जरा."

फळी काखेत मारून तिने उभ्या उभ्या सही केली.

संध्याकाळी तिच्या घराच्या ओसरीवर ठोकाठोक चालली होती. सहा कप पूर्वीच्याच उंचीवर लागले. ओर्विनचा खिळा मात्र तिने फळीखाली, खुर्चीत बसून हात पोचेल असा ठोकला.