सुतारदादांचे पांढरे चट्टे

"सिस्टर, आज सुई लावूच नका. बास झालं आता." खुर्चीत टेकायच्या आधीच सुतारदादांनी सांगून टाकलं. त्यांच्या मानेवर आणि दोन्ही हातांवर पांढरे चट्टे उमटले होते. "गिऱ्हाइकं हातात हात द्यायला कचरतात हो."

त्यांच्या तळपायावरचा काळा डाग घरच्यांना आधी रुतलेली ढलपी वाटली होती. निघाला मेलॅनोमा, कातडीचा सगळ्यात घातक कॅन्सर. तो फुप्फुसापर्यंत पोचला, तेव्हा अंगातल्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं हे औषध सुरू झालं.

"दादा, औषधाने जाग्या झालेल्या पेशी कातडीच्या रंगावरही तुटून पडतात," सिस्टर म्हणाल्या. "पुष्कळदा ते औषध लागू पडल्याचं लक्षण असतं. डॉक्टरांना दाखवू, पण असं अर्ध्यावर सोडू नका."

"तुमच्या घरच्या माणसाला दिलं असतंत?"

 सिस्टरांच्या नवऱ्याला हाच आजार होता. तेव्हा हे औषध चाचणीत होतं आणि डॉक्टरांनी विचारलंही होतं. नवरा तयार होता. "बघू की, माझं काय जातंय?" म्हणाला होता. पण सिस्टरांनीच साफ नकार दिला, "माझा नवरा म्हणजे काय प्रयोगाचा उंदीर आहे?" बायकोपुढे त्याने कधी शब्द वाढवला नव्हता, तेव्हाही नाही. पुढे तो गेला, आणि काही काळाने ते औषध याच खोलीत आलं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण तेवढ्याने मनाची समजूत काही पटत नव्हती.

"नाही दिलं," त्या म्हणाल्या. "मीच नको म्हटलं. आता नवरा नाही."

सुतारदादांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने बाही वर सारली.

पुढच्या स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या गाठी निम्म्यावर आल्या. दादांच्या बायकोने सिस्टरांना मिठीच मारली. त्याही हसल्या, अगदी मनापासून. मग दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडल्या.

घरी सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सिस्टरांच्या तोंडून निघालंच, "आई, तेव्हा औषध होतं. मी घेऊ दिलं नाही."

"माहीत आहे मला," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "त्यानेच सांगितलं होतं. म्हणाला, तिला कधी बोलू नकोस."

सिस्टर त्यांच्याजवळ खाली बसल्या. तो एकदा तरी बोलला असता, भांडला असता, तर बरं झालं असतं, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.