सगळ्यांत पांढरी टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. दिसायला थंडीतल्या माकडटोपीसारखी. डोके, कान आणि मान झाकून खांद्यांवर उतरणारी, फक्त डोळ्यांपुरती उघडी. पण मला थंडीसाठी नव्हे, आगीसाठी शिवले होते. महायुद्धात लढाऊ जहाजांच्या तोफांवरचे खलाशी मला घालत. आता मी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका लहान बंदरात, जिथे पूर्वी मासे खारवत त्या खोलीतल्या छोट्या संग्रहालयात, काचेमागे असते. माझ्या डाव्या बाजूला एक मोठे भोक आहे. मुले ते बघतात, "उंदरानं खाल्लंय," म्हणतात आणि शेजारच्या नांगराकडे पळतात. नांगरावर चढता येते. माझ्याशी काय खेळणार?

जन्माने मी साधे पांढरे सुती फ्लॅनेल. सुती कापड आगीला लगेच शरण जाते, आणि फ्लॅनेलची मऊ लव तर त्याहून आधी. म्हणून मला टाकणखाराच्या पाण्यात बुडवून वाळवले. पाणी उडून गेले, खार धाग्याधाग्यात राहिला. मग झळ लागली तर मी काळी पडत असे, करपत असे, पण पेट घेत नसे. तोफेच्या दारूचा भडका उडतो तो पापणी लवेपर्यंत टिकतो. तेवढा वेळ थोपवायचे, हेच माझे काम. मला शिवणारी बाई गठ्ठ्यात टाकताना म्हणाली, "जा गं, तुझी गरज कुणाला न पडो."

मी डेन्झिल ट्रेम्बाथच्या वाट्याला आले. तोफघरात दारूच्या थैल्या उचलून तोफेत सारणे हे त्याचे काम. त्याची आई गावाचे कपडे धुऊन घर चालवत होती, आणि मळका कपडा म्हणजे अब्रू गेली असे त्याला लहानपणापासून वाटे. बाकीच्यांच्या टोप्या घामाने, तेलाने, कोकोच्या डागांनी मातकट झाल्या होत्या. डेन्झिल मात्र दर शनिवारी मला सोड्याच्या उकळत्या पाण्यात घाली आणि साबणाने घासघासून धुई.

"लग्नाला चाललास की लढाईला?" त्याच्या शेजारी उभा राहणारा क्लेम व्हार्को चिडवायचा. "नवरी तरी दाखव!"

"तुझी टोपी बघून तर माशाही वाट बदलतात," डेन्झिल म्हणायचा.

नियम असा होता की धुतलेली टोपी पुन्हा टाकणखाराच्या पिंपात बुडवायची. डेन्झिलला तो ठाऊक होता. पण त्या पिंपात सगळ्यांच्या टोप्या बुडत, पाणी गढूळ झालेले असे आणि वाळल्यावर पिवळट ओघळ राहत. रविवारी कप्तानांची पाहणी असायची. तेव्हा तो स्वतःशी म्हणे, "सोमवारी बुडवतो." सोमवारी पहारा असायचा, मंगळवारी कोळशासारखी काळी तोफ पुसायची असायची, आणि मग पुन्हा शनिवार यायचा.

प्रत्येक धुण्यात थोडा खार माझ्यातून निघून जात होता. मी हलकी होत गेले, मऊ होत गेले. एका रविवारी कप्तान माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "अशी टोपी हवी!" डेन्झिलची छाती फुगली. मित्रांनो, इतके कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही, आणि त्याच दिवशी मला सर्वांत एकटे वाटले. मी आता नुसते कापड उरले होते, हे त्या गर्दीत एकट्या मला माहीत होते. सांगणार कशी? मला डोळ्यांपुरते भोक होते, तोंड नव्हते.

भूमध्य समुद्रात एका दुपारी भोंगा वाजला. माणसे खायला घेतलेले पाव टाकून तोफघरात धावली. तोफघराचा प्रमुख ईनस रंडल, ज्याला सगळे चीफ म्हणत, प्रत्येकाची टोपी खाली ओढून गळपट्टीत खोचत होता. डेन्झिलपाशी आल्यावर माझे मऊ कापड बोटांना लागले आणि त्याचा हात थांबला.

"ही कधी बुडवलीस?"

"सोमवारी, चीफ."

"कुठल्या सोमवारी, राजा?"

चीफने एका हिसक्यात मला त्याच्या डोक्यावरून काढले आणि स्वतःची मळकी, ताठ टोपी त्याला चढवली.

"चीफ, मग तुम्ही?"

"दारू तुझ्या हातात असणार, माझ्या नाही. मी मागं दाराशी उभा आहे. चल, थैली उचल!"

चीफने मला स्वतःच्या डोक्यावर ओढले. हिशेब बरोबर होता. दारूच्या सर्वांत जवळ डेन्झिल होता. पण शत्रूचा गोळा तोफघराच्या मागच्या अंगाला फुटला आणि भडका दाराच्या फटीतून आत आला. क्लेमची टोपी तपकिरी होऊन थांबली. डेन्झिलच्या डोक्यावरची काळवंडली, पण टिकली. माझ्या लवेवरून मात्र आग गवतावरून धावावी तशी धावली. मी चीफच्या कानाशी, गालाशी जळत होते. डेन्झिलने हातमोज्यांनी मला दाबले, विझवले, ओढून काढले.

चीफला जवळच्या एका बेटावरच्या इस्पितळात नेले. जहाज पुढे निघून गेले. मी डेन्झिलच्या खिशात राहिले.

युद्ध संपले. डेन्झिल गावी परतून मासेमारीच्या होडीवर लागला आणि मी बिस्किटांच्या डब्यात गेले. चीफ जगला होता आणि खाडीपलीकडच्या गावात बहिणीकडे राहत होता. स्वच्छ हवेत ते घर दिसायचे. डेन्झिल कधी कधी डबा उघडायचा, माझ्याकडे बघायचा आणि झाकण लावायचा. अंधारात मी एकटी, बाहेर तो एकटा, आणि पलीकडे तिसरा. अशी कित्येक वर्षे गेली.

मग एक दिवस चीफची बहीण लव्हडे मासळी घ्यायला धक्क्यावर आली. तिने त्याला नीट न्याहाळले.

"तू ट्रेम्बाथ ना रे? माझा भाऊ तुझं नाव घेतो. त्याला भेटायला लाज वाटते की होडीला वल्ही नाहीत?"

त्याच दुपारी डेन्झिल डबा घेऊन गेला. चीफ खिडकीपाशी पाठमोरा बसला होता. तो वळला. एक कान नव्हता आणि गाल आवळलेल्या पिशवीसारखा झाला होता. डेन्झिलने मला टेबलावर ठेवले.

चीफने मला बघितले. "धुलाई मात्र झकास होती हं तुझी."

डेन्झिल हसायला गेला आणि रडायला लागला. "माझ्यामुळं, चीफ. मी बुडवली असती तर—"

"तू बुडवली नाहीस, आणि मी रविवारी तपासली नाही. कप्तानांबरोबर मीही खूष होऊन बघत होतो. बस आता." त्याने मला बाजूला सारले. "इस्पितळात मी येईल त्या खलाशाला विचारायचो. कुणाला ठाऊकच नव्हतं. घरी आलो, तुला दोनदा निरोप धाडला. आलास का? एवढंच जाणायचं होतं."

"काय, चीफ?"

"इकडं ये. उजेडात."

डेन्झिल खिडकीशी गेला. चीफने त्याची हनुवटी धरून एक गाल पाहिला, मग दुसरा. मग दोन्ही कान. खूप वेळ पाहिले.

"सगळं वाचलं," तो म्हणाला. "लव्हडे, चहा टाक."

त्या संध्याकाळी मी टेबलावरच राहिले. माझ्याकडे कुणी पाहिले नाही आणि तेच योग्य होते.

मित्रांनो, वस्तूला जपणे म्हणजे तिला नुसते चकचकीत ठेवणे नव्हे. ती कशाच्या बळावर काम करते ते आधी विचारा, आणि ते बळ तिच्यात राहू द्या. आणि हातून चूक घडून कुणाला इजा झाली, तर तोंड लपवून बसू नका. पलीकडच्या घरात कुणीतरी तुम्ही धड आहात का, एवढेच बघायला थांबलेले असेल.